सुईनंतरचा अर्धा तास

आमच्या फ्रीजच्या दारात इन्सुलिनच्या दोन बाटल्या असतात. एकीला निळं रबर, एकीला लाल दोरा. निळी ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आणि लाल माझी. औषध तेच, डॉक्टर तोच. दोघांनाही सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी सुई. तरी सहा वर्षं ह्यांची शुगर आटोक्यात राहिली आणि माझी मोकाट सुटली. त्याचं कारण मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही आणि मला कुणी विचारलं नाही. आता लिहिते, कारण अजून गप्प बसले तर माझंच डोकं फुटेल.

मी अंगणवाडी सेविका. लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना वेळेवर खाऊ घातलं. अकराला खिचडी म्हणजे अकराला खिचडी, पाच मिनिटं उशीर झाला तर मदतनीस बाईला मी फाडून खायची. हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. मुलगा लोहाऱ्याला एका कचेरीत कारकून, त्याची बायको, म्हणजे माझी सून, घरी आमच्याजवळ. शेजारच्या दारात थोरल्या जाऊबाई. त्यांना मी आक्का म्हणते.

दर तीन महिन्यांनी आम्ही दोघं जीपनं डॉक्टरांकडं जायचो. डॉक्टर आधी ह्यांचा कागद बघायचे. "वा काका! फर्स्ट क्लास." मग माझा कागद उचलायचे आणि चष्मा वर करायचे. "काकू, तुम्ही काय खाता हो?"

मी तोंड उघडायच्या आधी हे उत्तर द्यायचे. "गोड खाती चोरून. दुसरं काय!"

दोघं हसायचे. मीसुद्धा हसायची, ह्याचा मला आता सगळ्यात जास्त राग येतो. एकदा डॉक्टर म्हणाले, "बायकांचं असंच असतं काकू. पुरुषांची शुगर इन्सुलिनवर पटकन खाली येते, बायकांची येत नाही. शरीरच तसं." असेल बाबा. मी काही डॉक्टर नाही, शरीरात काय वेगळं असतं ते तुम्ही जाणा. पण ह्यांना ते दर वेळी विचारायचे, "सुईनंतर अर्ध्या तासात जेवता ना?" आणि हे माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "ही हाय ना!" मला मात्र हा प्रश्न सहा वर्षांत एकदाही विचारला नाही. बाई स्वयंपाकघरातच असते, ती जेवतच असणार, असं धरून चालत असतील.

आता ह्यांचा अर्धा तास कसा जायचा ते ऐका. ह्यांना सुईची भीती, म्हणून मीच टोचायची. टोचली की घड्याळ बघायची. हे पेपर घेऊन ओट्यावर बसायचे. पंचविसाव्या मिनिटाला ताट पुढं, तव्यावरची भाकरी, कालवण, कांदा, पाणी. एक दिवस चुकला नाही. ह्यांची शुगर कुणी आटोक्यात ठेवली? औषधानं? औषध तर मलाही होतं!

आणि माझा अर्धा तास. सुई टोचून घ्यायची आणि भाकऱ्या थापायला बसायचं. ह्यांना दुसरी भाकरी. मग मुलाची जेवायची घाई, त्याची जीप निघाली. मग कुणीतरी दारात, "मास्तर हायती का?" बसा, चहा घ्या. चहात साखर, दूध, कपबश्या. तोवर तास उलटून जायचा. पहिल्याच महिन्यात मी चुलीपुढं दोनदा गरगरून बसले. हातपाय लटपटत होते, घामानं पदर भिजला. मग मी मनानंच एक युक्ती काढली. बावीस युनिट लिहून दिलं होतं, मी बाराच घ्यायला लागले. पाहुणे यायचे असले की घ्यायचीच नाही. शुगर वाढली तर वाढू दे, निदान भाकरी थापताना तव्यावर तोंड तर आपटणार नाही.

"आधी जेवून का घेतलं नाही?" असं विचारायला सोपं आहे. विचारणाऱ्यानं आमच्या घरात एक दिवस सून म्हणून राहून दाखवावं. मला कुणी बंदी केली नव्हती. ह्यांनी कधी हात उगारला नाही, ताट फेकलं नाही, गावात विचाराल तर देवमाणूस म्हणतील. पण बाईनं आधी जेवायचं नसतं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, तसं ह्यांना ते कधी दिसावंही लागलं नाही. चाळीस वर्षं ह्या माणसानं मला जेवताना पाहिलेलं नाही. मी काय खाते, कधी खाते, खाते तरी का, देव जाणे.

डॉक्टरांना वाटायचं, बावीस पुरत नाही. त्यांनी सव्वीस केलं. मग तीस. कागदावर तीस आणि अंगात बारा. मी मूग गिळून बसलेली. "घेता ना नियमित?" "व्हय." खोटं बोलले, कबूल करते.

ह्यात माझे डोळे चालले होते. दोन्हीकडं मोतीबिंदू. मोतीबिंदू ह्यांनाही झाला होता. सोलापूरला नेलं, शुगर बघितली, चांगली निघाली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आठ दिवसांनी हे पेपरातली बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. मला त्याच दवाखान्यातून दोनदा परत पाठवलं. "शुगर खाली आणा, मग या. जखम चिघळली तर डोळा जाईल." परत येताना एसटीत हे म्हणाले, "तुझ्यामुळं दोनदा हेलपाटा झाला." मी खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेरचं तरी कुठं धड दिसत होतं!

अंगणवाडीत मी एका लेकराचं वजन चुकीचं टाकलं. काट्यावरचा आकडाच दिसला नाही, मोबाईलमध्ये अंदाजानं भरला. लेकरू कमी वजनाचं होतं आणि माझ्या नोंदीत ते चांगलं गुटगुटीत झालं. पर्यवेक्षिका बाईंनी चार आयांसमोर मला विचारलं, "दिसत नसेल तर काम सोडता का?" तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. राग तिचा आला नाही, तिचं बरोबरच होतं. त्या लेकराचा वाढीव आहार माझ्या डोळ्यांनी तोडला असता. त्या रात्री मी ठरवलं, ऑपरेशन झालंच पाहिजे. सोलापूरची तिसरी तारीख मिळाली होती, येळ अमावस्येनंतरच्या सोमवारची. ह्या वेळी परत पाठवलं तर काम सोडायचं आणि आंधळ्यासारखं चाचपडत घरात बसायचं.

म्हणून मी पूर्ण तीस युनिट घ्यायला लागले आणि सुई टोचली की शिळी भाकरी नाहीतर शेंगदाणे-गूळ तोंडात कोंबायला लागले. कुठं? दाराआड उभी राहून. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातची भाकरी, आणि घास घशाखाली उतरेस्तोवर कान बाहेर. लाज वाटते लिहायला. पण शुगर उतरायला लागली. शुगरच्या मशीनवरचा आकडा सून वाचून दाखवायची आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसायचो.

आणि येळ अमावस्या आली.

बाहेरच्या लोकांना हा सण माहीत नसतो. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुत्रं दिसत नाही, सगळा गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, गव्हाची खीर. दोन दिवस बायकांची पाठ टेकत नाही. आंबिलाचं बिंदगं, म्हणजे मडकं, घोंगडं पांघरून डोक्यावरून न्यायचा मान घरच्या कर्त्याचा. बाकी सगळं टोपल्यांत भरून बायकांच्या डोक्यावर, त्याला मान म्हणत नाहीत.

सकाळी आठला मी ह्यांना सुई टोचली आणि दोन धपाटे, वर दही, पुढं ठेवले. देवाला दाखवायच्या आधीच. आक्का दारातच उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "खाऊ द्या. औषधाच्या माणसाला देव काय म्हणत न्हाई."

औषधाचा माणूस! माझी सुई तेव्हा माझ्या हातात होती. आक्कांनी ती बघितली. मीही वाट बघितली, म्हटलं आता ह्या म्हणतील, तूही खा. आक्का टोपल्या मोजायला लागल्या. मी पूर्ण तीस टोचून घेतले. मनात हिशेब असा की नऊपर्यंत शेतात पोचू, पूजेला दहा मिनिटं, नैवेद्य, की घास तोंडात. शेंगदाणे कनवटीला लावायचे होते, ते गडबडीत ओट्यावरच राहिले.

शेतात पोचलो. दगडांना चुना-काव लावून तयार होतं. मी म्हटलं, "अवं, करा पूजा." हे म्हणाले, "थांब जरा. साहेब येणार हायेत, त्यांच्या हातानं नारळ फोडू."

साहेब म्हणजे मुलाच्या कचेरीतले. मुलानं फोन लावला. निघालेत म्हणे. साडेनऊ झाले. दहा वाजले. परत फोन. निघालेतच. मी कोपीच्या तोंडाशी खिरीच्या पातेल्याजवळ बसले होते. गुळाचा, वेलदोड्याचा वास थेट नाकात. पौषाच्या तोंडची थंडी, सगळे शाली गुंडाळून बसलेले आणि माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. ओठ मुंग्या आल्यासारखे झाले. मला कळत होतं काय चाललंय. हात लांब केला असता तर खीर होती!

मी आक्कांना म्हटलं, "मला कसंतरी व्हाय लागलंय. जरा खीर घ्यावी का?"

"अगं बया! निवद दाखवला न्हाई अजून. घटकाभर दम धर की."

मी दम धरला. हे मला अजून सहन होत नाही. जीव जात असताना मी दम धरला. हे पंधरा पावलांवर बांधावर बसून मुलाला शेताच्या हद्दी दाखवत होते, दोन धपाटे पोटात घालून.

पुढचं मला तुटक आठवतं. कुणीतरी माझ्याशी बोलत होतं आणि शब्द लागत नव्हते. मी उठायला गेले आणि बसल्या जागी कलंडले. मग सून दिसली. तिनं पातेल्यावरचं झाकण फेकलं, मूठभर खीर हातानंच उपसली आणि माझ्या तोंडात कोंबली. "गिळा आत्या. गिळा म्हन्ते ना!" ती ओरडत होती आणि रडत होती. दुसरी मूठ. तिसरी. माझ्या हनुवटीवरून, पोलक्यावरून खीर वाहत होती.

सगळे धावत आले. आणि आक्कांचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? "आता निवदाला काय दाखवायचं?"

ह्यांचं दुसरं. "तुला कळत न्हाई व्हय गं? घरनं खाऊन याचं की!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, बसल्या बसल्याच ओरडले. "तुमाला कुनी खाऊ घातलं? धपाटे कुनी थापले? सहा वर्षं तुमाला टोचून घड्याळ कोन बघतंय? माझं घड्याळ कुनी बघितलं? म्हनं गोड खाती चोरून! भाकरी चोरून खाते म्या, भाकरी! दाराआड उभं राहून! आन बारा युनिट घेत आले तिसाच्या जागी, सहा वर्षं, तुमच्या भाकऱ्या थापताना पडू नये म्हनून!"

पलीकडच्या शेतातले लोक उभे राहून बघत होते. बघू दे. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात बांधावर जीप थांबली आणि साहेब उतरले. हे चटकन माझ्याजवळ वाकले. मला वाटलं, कसं वाटतंय म्हणून विचारतील. म्हणाले, "तोंड पूस. पाव्हण्याम्होरं नगं."

सोमवारी सुनेनं सोलापूरला फोन करून झालेलं सांगितलं आणि तारीख पुढं गेली. आधी शुगर नीट बसू दे म्हणाले. मी एकटी जीपनं डॉक्टरांकडं गेले. सगळं सांगितलं. बारा युनिट, दाराआडची भाकरी, खीर. डॉक्टर रागावले. "अहो काकू, मी डोस वाढवत गेलो तुमच्या शब्दावर! जीव गेला असता. आधी का सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं कधी?"

भला माणूस आहे तसा. त्यांनी तिसाचे अठरा केले आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, सुईनंतर अर्ध्या तासात जेवणे. हेच ह्यांच्या कागदावर सहा वर्षांपासून होतं.

तो कागद मी स्वयंपाकघराच्या भिंतीला डकवला. दुसऱ्या दिवसापासून सुई टोचली की ताट घेऊन मधल्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असं बसायला लागले. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. आक्का गल्लीत सांगत फिरल्या, नवऱ्याआधी गिळती म्हणून. फिरू दे म्हटलं. पंधरा दिवसांत मशीनवरचा आकडा उतरला. दीड महिन्यात त्याच डॉक्टरांनी माझा कागद बघून चष्मा वर केला. औषध तेच आणि युनिट कमी. बाईचं शरीर तेच. सोलापूरवाल्यांनी उजवा डोळा केला, मग डावा.

आणि गावानं काय म्हणावं? "मास्तर लई समजूतदार. बायकूला आधी जेवू घालत्यात." हेही आता पाहुण्यांपुढं आवाज चढवून सांगतात, "हिचं ताट आधी वाढा रे!" जसं काही ह्यांनीच ही रीत काढली. मी ऐकून घेते. पण प्रत्येक वेळी दात-ओठ खाते.

यंदाची येळ अमावस्या मला स्वच्छ दिसली. पांढऱ्या दगडांवरची काव, हरभऱ्याचे घाटे, पलीकडच्या बांधावरच्या माणसांचे चेहरेसुद्धा. साहेब पुन्हा होते, पूजा मात्र वेळेत झाली. नैवेद्य दाखवल्या दाखवल्या माझं ताट आलं. मी पुरुषांच्या पंगतीतच बसले, पोटभर जेवले. मग दुसरी पंगत बसली, मग तिसरी. दुपार कलली. सून वाढत होती. मी कोपीच्या सावलीला टेकून म्हटलं, "अगं, तिकडं पाव्हण्यांना आंबील बघ."

ती आंबिलाचा तांब्या घेऊन वळली आणि तिचे ओठ मला दिसले. कोरडे, पांढरे पडलेले. पहाटेपासून चुलीपुढं होती ती.

"तू जेवलीस का गं?"

"जेवते की आत्या मागनं," ती म्हणाली. "मला कुठं सुई हाय?"

किती सहज म्हणाली! कुरकुर नाही, टोमणा नाही. मी एक वर्ष भांडून माझं ताट मिळवलं होतं, आणि चुलीपुढची माझी जागा तिला देऊन आले होते. ज्या हातानं देवाला दाखवायच्या आधी मला खीर खाऊ घातली, त्याच हाताला मी आंबील वाढायला लावत होते.

मी तिच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि साहेबांजवळ गप्पा मारत बसलेल्या ह्यांच्यापुढं आदळला. आंबील ह्यांच्या धोतरावर उडलं. "उठा," म्हटलं. "पाव्हण्यांना तुमी वाढा." पंगतीतल्यांचे हात ताटातच राहिले. मी पातेल्याच्या तळाची खीर खरवडून ताटलीत घेतली आणि सुनेला खांद्याला धरून माझ्याच जागेवर बसवलं.

ती माझ्याकडं बघत होती, घास उचलत नव्हती. "खा," मी म्हटलं. माझा आवाज फुटला. "सुई लागायची वाट बघू नगंस."